अन्वरचा थांबणारा हात

वाहेद मणियाराच्या कमरेत उसण भरली ती नेमकी रंगरावाच्या द्वारकेच्या लग्नादिवशी सकाळी. शेगावच्या स्टेशनावरून आलेली बांगड्यांची पेटी त्यानं बैलगाडीतून एकट्यानं उतरवायला घेतली, "हट् बे, एवढीशी तं पेटी," असं म्हणाला, आणि जो वाकला तो वाकलेलाच राहिला. पेटी शाबूत होती. वाहेदला मात्र दोघांनी धरून, होता त्याच कोनात, खाटेवर टेकवला. तिकडे रंगरावाच्या घरी नवरी मोकळे हात घेऊन बसली होती, दुसरबीडचं वऱ्हाड वाटेला लागलं होतं, आणि उंद्रीत हिरवा चुडा भरणारं दुसरं घर नव्हतं. राहता राहिला वाहेदचा मुलगा अन्वर.

"मी नाही जात," अन्वर म्हणाला.

"मंग कोण जाईल? तुही माय?" वाहेदला मान वळवता येत नव्हती, म्हणून तो छताशी बोलत होता.

"मले काऊन मधात घेता?" अजीजुन्निसा चुलीजवळून म्हणाली. "पोराले नीट समजावून सांगा, तं जाईल थो."

अन्वर कामचुकार नव्हता, हे आधी सांगून टाकतो. उलट त्यानं कामं पुष्कळ केली होती. कोणतंच काम त्याला फार दिवस करू दिलं गेलं नव्हतं. मामाच्या मटणाच्या दुकानात बसवला, तर पहिल्याच दिवशी बकऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं बकऱ्याकडे. मामानं दोघांनाही घरी पाठवलं. खामगावच्या एका जिनिंगमध्ये लावला, तर शेजारच्या बाईला खोकला आला की हा हातातलं टाकून तिला पाणी द्यायला उठायचा, आणि जिनिंगमध्ये खोकला नसलेली बाई नव्हती. मुकादम म्हणाला, तुझ्यासारखा भला माणूस मी पाहिला नाही, उद्यापासून येऊ नको. शेवटी वाहेदनं त्याला आपल्याच पेटीजवळ बसवला.

आणि खरी पंचाईत तिथंच झाली. बांगडी मनगटावर छान दिसते, पण तिथं पोचायच्या आधी तिला अंगठ्याच्या बुडाचं हाड ओलांडावं लागतं. तिथं बाई कळवळतेच. वाहेदची रीत अशी, की बाईचा हात हाती घेतला की तोंड सुरू. तिची म्हैस, तिची जाऊ, तिच्या भावाचं कोर्टातलं काम. बाई हसत नाही तर भांडत, पण बोलत राहायची, आणि बोलता बोलता बांगडी हाड ओलांडून जायची. अन्वरला बोलणं सुचत नसे. तो बाईच्या तोंडाकडे पाही. तिच्या कपाळाला आठी पडली की ह्याचा हात आपोआप थांबे, आणि हाडावर थांबलेली बांगडी फुटते. फुटली असं कोणी म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. पण शब्द बदलला म्हणून काचा कमी पडत नाहीत.

"थांबू नको बे," वाहेद छताला सांगत होता. "थांबला का मेला. बाई माय माय करते, करू दे. तू तिच्या म्हशीचं विचार."

"तिचं तोंड पाह्यलं का माहा हातच पुढं जात नाही, अब्बा."

"तं तोंड पाहू नको. आन् हे पाह्य अन्वर, रंगरावाच्या घरचा चुडा पाहून सारं गाव मणियार ठरवते. नीट भरून आला तं माह्यामागं ही पेटी तुही. नाही तं..."

'नाही तं' च्या पुढं वाहेदला काही सुचेना, कारण अन्वरला लावून देण्यासारखं काम आता जिल्ह्यात उरलं नव्हतं. अन्वरलाही ते माहीत होतं. आपल्या हाताला कोणतं काम येतं हेच आपल्याला कळत नाही, या विचारानं त्याला अलीकडे जेवण जात नसे. त्यानं पेटी उचलली.

रंगरावाच्या दारात नवरीची आई कौशल्याबाई उभीच होती.

"वाहेदभाई कुठी हायेत?"

"खाटेवर."

"आन् तू?"

"मी आलो."

"थे दिसून राह्यलं मले," कौशल्याबाई म्हणाली, आणि एकवार आकाशाकडे पाहून तिनं त्याला आत घेतलं.

द्वारका हळदीनं पिवळी होऊन पाटावर बसली होती. अन्वरनं तिचा हात पाहिला आणि बरोबर बसेल ते माप काढलं. कौशल्याबाईनं ते उचलून बाजूला ठेवलं. "यातून तं माहा पाय जाईल. खालचं माप काढ. ढिल्या बांगड्या भरून पोरगी सासरी धाडू काय? थे म्हणतील, मायबापाले हाताचा अंदाज नाही." त्या मुलखात घट्ट चुडा म्हणजे बाईच्या माहेरची इज्जत. अन्वरनं खालचं माप काढलं.

डावा हात कसा भरला गेला हे अन्वरलाही कळलं नाही. द्वारका खिडकीतून मांडवाकडे पाहत होती, हा तिच्या हाताकडे पाहत होता, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. उजव्या हाताची शेवटची बांगडी हाडावर आली आणि बाहेर कोणीतरी ओरडलं, "वऱ्हाड दिसलं." द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं. अन्वरनं नेमकं तेव्हाच वर पाहिलं.

"दुखते काय व बाई?" त्यानं विचारलं.

असं मणियारानं कधी विचारायचं नसतं. द्वारकेला सकाळपासून जो तो काही ना काही सांगत होता: इकडे बस, तिकडे बघ, असं बोलू नको, तसं हसू नको. विचारलं मात्र कोणीच काही नव्हतं. ती "नाही" म्हणाली आणि हुंदके देऊन रडायलाच लागली. अन्वरचा हात थांबला. बांगडी हाडावर बसली ती बसलीच. पुढं जाईना, मागं येईना.

मग जे होतं ते झालं. एकीनं तेल आणलं, दुसरीनं तूप. तिसरी म्हणाली, रांजणातल्या पाण्यात हात बुडवा; चौथी म्हणाली, वर धरा, रक्त उतरंल. हात बुडवला, वर धरला, चोळला, आणि या सगळ्या सेवेनं तो चांगला सुजला. बांगडी करकर वाजायला लागली.

"सोड तू, मी पाह्यते," कौशल्याबाई म्हणाली.

"सोडली तं वाढंल, काकू," अन्वर म्हणाला. त्यानं दोन बोटं बांगडीच्या आत घालून तिचा ताण तोलून धरला होता. लग्नाच्या दिवशी, मांडवात, नवरीची हिरवी बांगडी वाढणं म्हणजे काय, हे तिथल्या कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. तेलतूप घेतलेले हात मागं सरले.

आता नवरीची शेवटची तयारी व्हायची होती, शालू नेसवायचा होता, आणि हा बाप्या तर तिचा हात धरून बसलेला. यावर कौशल्याबाईनं तोड काढली. दोघींनी मध्ये एक धोतर ताणून धरलं. पलीकडे द्वारका, अलीकडे अन्वर, आणि धोतराखालून अलीकडे आलेला तिचा हात. पलीकडे शालू नेसवणं चालू झालं. अन्वर भिंतीकडे तोंड करून बसला, तोंडानं काही पुटपुटत. बहुधा दुवा मागत असावा.

नेमकं त्याच वेळी नवऱ्या मुलाचे वडील उकंडराव व्याह्यांना भेटायला म्हणून आत आले. दुसरबीडचा रस्ता लांबचा, रात्र गाडीत काढलेली, डोळे आधीच लाल. त्यांनी पाहिलं: मध्ये धरलेलं पांढरं कापड, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला एक तरणा पोरगा, आणि त्याच्या हातात नवरीचा हात.

"रंगराव," ते फार शांतपणे म्हणाले, "आमी यायच्या आधीच लगीन लावायलेत का?"

रंगरावाला घाम फुटला. त्यानं सगळं समजावून सांगितलं. पण घाईत त्यानं बांगडीचं शेवटी आणि अन्वरचं आधी सांगितल्यामुळे उकंडरावांचा निम्मा वेळ तापण्यात आणि निम्मा निवण्यात गेला. निवल्यावर ते म्हणाले, "मग वाढवा की एक. बाकीच्या हायेत ना हातात."

"मांडवात वाढवू? तुमच्याच पोराच्या नावाचा चुडा हाये हा."

उकंडराव विचारात पडले. "नको," ते म्हणाले. "वाढवू नका." आणि बाहेर भटजी मुहूर्त चुकतो म्हणून ओरडायला लागला.

थोडक्यात सांगायचं तर अन्वरसकट नवरी मांडवात आली. त्याला तिच्या मागं, जरा बाजूला, पाटाच्या कडेला बसवलं आणि अंगावर एक शेला टाकला, म्हणजे दिसायला नको. तो जास्तच दिसू लागला. मामांनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. रंगवलेली ज्वारी नवऱ्यावर पडली, नवरीवर पडली आणि शेल्यावरही पडली. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तिसरा कोण हाये हो?" शेजारचा म्हणाला, "दुसरबीडकडं तशी रीत असंल." एकानं तर येऊन अन्वरच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मांडीवर नारळ ठेवला.

बातमी वाहेदच्या खाटेपर्यंत हप्त्याहप्त्यानं पोचत होती. आधी कळलं, बांगडी अडकली. मग कळलं, अन्वर मांडवात बसला. मग कोणीतरी सांगितलं, अन्वरवर अक्षता पडल्या. वाहेद उठला. सरळ होता येत नव्हतं म्हणून तो वाकूनच निघाला, आणि गल्लीतून जमिनीकडे पाहत, भिंत धरत, मांडवापर्यंत आला.

इकडे शेल्याखाली अन्वरला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ढकलायचं नव्हतं, ओढायचं नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं, आणि तोंड दिसत नव्हतं. फक्त तिचा हात होता. त्याच्या लक्षात आलं, की ती श्वास सोडते तेव्हा हात किंचित सैल होतो. ती घाबरली की घट्ट होतो. घट्ट झाला की तो थांबे. सैल झाला की बांगडी थोडीशी फिरवी. त्याला कोणी थांबू नको म्हणत नव्हतं. त्याला फार बरं वाटत होतं, इतकं, की भर मांडवात, कपाळाला कुंकू आणि मांडीवर नारळ घेऊन बसलेला असताना, आपल्याला असं बरं वाटावं याचीच त्याला लाज वाटली.

वाहेद मांडवातून वाट काढत मागं येऊन पोचला. "सर बे बाजूले. दे माह्याकडं."

"थांबा अब्बा," अन्वर म्हणाला. बापाला थांबा म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटचं सावधान झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला, आणि अन्वरनं शेल्यातून हात बाहेर काढला. त्याच्या हातात बांगडी होती. अख्खी, एक ओरखडाही न उठलेली.

कौशल्याबाई ती पाहतच राहिली. "अरे पण थे घालाची होती," ती म्हणाली.

मांडव हसला. हसायला काय लागतं? उकंडराव हसले, भटजी हसला, नवरा मुलगाही मुंडावळ्यांआडून हसला. वाहेद मात्र हसला नाही. त्यानं ती बांगडी घेतली, वाकल्या वाकल्या द्वारकेचा हात घेतला, "काय व पोरी, तुह्या मायनं म्हैस देल्ली का नाही आंदण?" असं विचारलं, आणि ती "कुठली म्हैस?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात बसली होती.

घरी परतताना तो एवढंच म्हणाला, "आपल्या घरात आजपावतर कोणी बांगडी काढली नाही. आपण भरतो. पेटीले हात नको लावू आता."

गावानं अन्वरला उलटा मणियार म्हणायला सुरुवात केली. तो रंगरावाच्याच शेतात मजुरीला जाऊ लागला. निंदताना मधेच तो हातातलं खुरपं ठेवून आपल्या बोटांकडे पाहत बसे. आपल्याला काय येतं हे त्याला आता कळलं होतं. घट्ट बसलेली बांगडी न दुखवता उतरवता येते. पण या विद्येचं करायचं काय? सवाष्ण बाई बांगड्या उतरवून घेत नाही. ज्या दिवशी त्या उतरतात तो दिवस कोणाच्या दारी येऊ नये. असलं काम आपल्याला यावं, यापेक्षा काहीच न येणं बरं होतं असं त्याला वाटे, आणि हे कोणाशी बोलायची सोय नव्हती.

पुढच्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. तिचं वर्णन करत नाही. ज्यांच्या घरातून ती गेली त्यांना सांगायला नको, आणि बाकीचं कोणी उरलं नव्हतं. द्वारका तेव्हा दिवाळीसाठी माहेरी आली होती. दुसरबीडहून उकंडरावांचा सालदार तुळशीराम पायी चालत आला, रंगरावाच्या ओट्यावर बसला आणि पाणी मागून घेतल्यावरही बराच वेळ ते प्यायला नाही. तेवढ्यानं सगळ्यांना कळलं.

दुपारी आळीतल्या म्हाताऱ्या बायका जमल्या. रीत होती ती करायलाच हवी होती. एकीनं अंगणातून दगड आणला. द्वारका कोपऱ्यात बसली होती. ती रडत नव्हती. दगड पाहिल्यावर तिनं दोन्ही हात पोटाशी धरले.

"दे पोरी हात," एक म्हातारी म्हणाली. "साऱ्याइले द्या लागतात."

"अन्वरदादाले बोलवा," द्वारका म्हणाली.

"कोणाले?"

"त्याले येते काढता. दगड नको मले."

रंगराव स्वतः वाहेदच्या दारी गेला. अनवाणी गेला. त्यानं काय ते सांगितलं. वाहेदनं अन्वरला आत नेलं.

"जाऊ नको," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. "मणियार त्या दिवशी त्या घरी जात नाही. त्याचं तोंडही दिसू देत नाहीत. तू एकदा गेला ना, तं कोणती सवाष्ण तुह्या हाती हात देणार नाही. कधीच नाही. मी तुले दोन महिन्यानं पेटी देणार होतो बे, पुन्हा शिकवणार होतो. मंग मले थेही जमणार नाही."

"ती पोरगी बसून हाये, अब्बा."

"मले माहीत नाही काय? मी भरला तिचा चुडा. शेवटची तं मीच भरली." वाहेदचा आवाज फुटला. "आपलं काम भरणं हाये. हे काय काम हाये काय?"

"मले दुसरं येत नाही. भराले तुमच्यासारखं मन घट्ट करा लागते, थे माह्यानं होत नाही. मले फक्त थांबता येते. अन् तिथं आज थांबणाराच पाह्यजे." एवढं लांब तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता. मग तो रंगरावाबरोबर गेला.

द्वारकेनं हात पुढं केला. अन्वर समोर बसला. पहिली बांगडी त्यानं हाडापर्यंत आणली आणि थांबला.

"काऊन थांबले?" तिनं विचारलं.

"तू श्वास सोडाची वाट पाहून राह्यलो. मले घाई नाही."

दगड घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या आधी कुरकुरल्या, मग एकेक करून भिंतीला टेकल्या. बांगड्या एकेक उतरत होत्या. मधेच द्वारका म्हणाली, "थे मले नेहमी चिडवत. म्हणत, तुह्या लग्नात आमी दोन नवरदेव होतो. अर्धी ज्वारी त्यानंच नेली." ते ऐकून अन्वरला हसू आलं, आणि हसता हसता तो रडायला लागला, आणि त्याला रडताना पाहून ती, बातमी आल्यापासून पहिल्यांदा, रडली. त्यानं तिचा हात तसाच धरून ठेवला. रडून तिचा हात सैल झाला, तेव्हा उरलेल्या उतरवल्या. उन्हं कलली तेव्हा सगळ्या हिरव्या बांगड्या तिच्या मांडीवर अख्ख्या होत्या आणि तिच्या हातावर एकही ओरखडा नव्हता. एका म्हातारीनं आपलं मनगट उघडं करून पाहिलं. तिथं जुना, पांढरा पडलेला व्रण होता. "माह्या वेळी हा पोट्टा असता तं," ती म्हणाली, आणि दगड पदराआड घेऊन उठली.

वाहेद म्हणाला तसंच झालं. त्या साथीत अन्वरला घरोघरचं बोलावणं आलं. हिंदूंच्या घरून आलं, मुसलमानांच्या घरून आलं. ज्या घरात जाई तिथून तो रडून परत येई, आणि पुन्हा बोलावलं की पुन्हा जाई. त्याचा मोबदला त्यानं कधी घेतला नाही. आणि साथ ओसरल्यावर गावाला तो नकोसा झाला. समोरून येताना दिसला की बाया पदरात हात लपवत. सणाच्या दिवशी त्यानं मळ्यातच थांबावं असं सगळ्यांना वाटे, आणि ते कोणी सांगायच्या आधी तोच थांबे. त्याला मुलगी देणारं घरही मिळालं नाही. अजीजुन्निसानं खूप खटपट केली. एक सोयरीक जवळजवळ ठरली होती, पण मुलीच्या आईनं विचारलं, "मुलगा काय करतो?" आणि अजीजुन्निसाला खोटं सांगता आलं नाही.

तरीही, आणि हे मी जपून सांगतो आहे, अन्वर आता नीट जेवत असे. रात्री झोपत असे. रस्त्यात ज्यांनी हात लपवले त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. त्या कधीतरी आपल्याला बोलावतील, आणि त्यांनी बोलावू नये, अशी दुवा तो रोज करी. स्वतःच्या कामाला गिऱ्हाईक येऊ नये म्हणून नमाजानंतर हात पसरणारा कारागीर उंद्रीत तो एकटाच असेल.

वाहेद त्याच्याशी कामापुरतंच बोले. 'तो कुठं गेला' असं कोणी विचारलं तर "गेला असंल" म्हणे आणि पेटी आवरायला लागे.

अशीच काही वर्षं गेली आणि वाहेदची छाती बिघडली. चिखलीच्या डॉक्टरनं कानाला नळी लावून ऐकलं, ती काढून घडी केली आणि बाहेर येऊन अन्वरशी हळू आवाजात बोलला. वाहेदला ते ऐकू गेलं नसेल. पण त्याला लोकांच्या तोंडावरून कळायची सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खाटेवरून हाक मारली.

"अजीजुन, इकडं ये. बैस. आन् अन्वर, पेटी आण."

"आता काय पेटी?" अजीजुन्निसा म्हणाली. "पडून राहा ना चुपचाप."

"जनमभर गावाचे हात भरले. तुहे कधी सवडीनं भरले नाहीत. उरलेल्या घातल्या तुह्या हातात. बैस म्हणतो ना."

ती लाजली. एवढी म्हातारी बाई, पण पदर नीट करून पाटावर बसली. अन्वरनं पेटी उघडून बापाच्या हाताशी ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिला. वाहेदनं बायकोचा हात घेतला. श्वास लागत होता, तरी तोंड सुरू झालं: तिच्या भावानं लग्नात कशी टोपी हरवली, पहिल्या पावसाळ्यात घर कसं गळलं, तिनं पहिल्यांदा केलेली भाकरी कुत्र्यानंसुद्धा कशी सोडली. ती हसत होती, "खोटं बोलता" म्हणत होती, आणि बांगड्या जात होत्या. नुसत्या जात नव्हत्या, सहज जात होत्या. हाडावर अडतच नव्हत्या.

अन्वरनं दारातून पाहिलं. गल्लीतून चाललेल्या बाईचा हात पदराआडून पाहून वाहेद तिचं माप सांगायचा. तिकडे देऊळगावपर्यंत त्याच्या नजरेची ख्याती होती.

"अब्बा," तो हळूच म्हणाला, "माप मोठं होऊन राह्यलं."

"हाव ना," अजीजुन्निसा म्हणाली. तिनं हात हलवून पाहिला. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या. "दोन मापं मोठ्या हायेत ह्या. लोक काय म्हणतील, मणियाराच्या बायकोच्या हातात ढिल्या बांगड्या. नजर गेली काय तुमची?"

"नजर शाबूत हाये," वाहेद म्हणाला. त्यानं पेटीतून पुढची बांगडी काढली, ती पण त्याच मापाची. मग दाराकडे न पाहता म्हणाला, "घट्ट भरल्या असत्या, तं पोराले कठीण गेलं असतं. मायचा हात हाये. तिथं त्याच्या हातून लवकर निघाल्या पाह्यजे."

 अन्वरनं चौकट धरली. त्याच्या कामाला बापानं काम मानण्याची ती पहिली वेळ होती, आणि दुसरी येणार नव्हती.

अजीजुन्निसा भरलेल्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं तो मांडीवर ठेवला आणि दुसरा हात पुढं केला.